जुनी मोटार, रोजची धाव आणि गिअरबॉक्सची निवड

साठच्या दशकातील अमेरिकन मोटारींचे शौकीन ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारचा शौकीन आपली गाडी आच्छादनाखाली जपतो आणि वर्षातून दोन-चार वेळा प्रदर्शनाला नेतो. दुसऱ्याला तीच गाडी रोज कामावर न्यायची असते, मुलांना शाळेत सोडायचे असते आणि सुटीच्या दिवशी दोनशे-तीनशे किलोमीटरची मजलही मारायची असते. अशा वापरातील गाडीला अमेरिकेत ‘डेली ड्रायव्हर’ म्हणतात. तिच्या मालकापुढे रंग, क्रोम, आसनांचे कापड असे प्रश्न असतातच. पण त्याच्या खिशाला आणि कानाला सर्वाधिक छळणारा प्रश्न असतो तो स्वयंचलित गिअरबॉक्सचा. जुना आहे तोच दुरुस्त करून घ्यावा, त्याच काळातील अधिक चांगला बसवावा, की ऐंशीच्या दशकातील ‘ओव्हरड्राइव्ह’ असलेला शोधावा? उत्तर चुकले तर नव्याने बांधून घेतलेला गिअरबॉक्स काही दिवसांत जळून जाऊ शकतो.

या प्रश्नाचे मूळ इतिहासात आहे. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत ‘हायड्रा-मॅटिक’ हा मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स दिला. दुसऱ्या महायुद्धात तो हलक्या रणगाड्यांतही वापरला गेला. १९५० मध्ये शेवरलेटने ‘पॉवरग्लाइड’ आणला. त्यात पुढे जाण्यासाठी दोनच गिअर होते आणि तरीही तो १९७३ पर्यंत चालला. १९५६ मध्ये क्रायस्लरचा तीन गिअरांचा ‘टॉर्कफ्लाइट’ आला. १९६४ मध्ये फोर्डचा ‘सी-४’ आणि जनरल मोटर्सचा ‘टर्बो हायड्रा-मॅटिक ४००’, १९६६ मध्ये फोर्डचा ‘सी-६’ आणि १९६९ च्या गाड्यांत ‘टर्बो हायड्रा-मॅटिक ३५०’ अशी ही मालिका पूर्ण झाली. पेट्रोल स्वस्त होते, इंजिने मोठी होती आणि सर्वांत वरचा गिअर म्हणजे इंजिनाचा एक फेरा तर प्रोपेलर शाफ्टचा एक फेरा, हे गृहीतच होते.

१९७३ च्या तेलसंकटाने हे गृहीत मोडले. १९७४ मध्ये अमेरिकेत ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची देशव्यापी वेगमर्यादा लागू झाली. १९७५ च्या कायद्याने उत्पादकांवर सरासरी इंधनक्षमतेचे बंधन घातले आणि ते १९७८ च्या गाड्यांपासून अमलात आले. त्याच सुमारास टॉर्क कन्व्हर्टरमध्ये कुलुपाप्रमाणे घट्ट बसणारा ‘लॉक-अप’ क्लच आला आणि पाठोपाठ ओव्हरड्राइव्हचा चौथा गिअर. थोडक्यात, सत्तरच्या दशकापूर्वीच्या गाडीला आज जो गिअरबॉक्स हवासा वाटतो, तो तिच्या कारखान्यात कधी नव्हताच. देशव्यापी वेगमर्यादा १९९५ मध्ये रद्द झाली. अनेक राज्यांतील महामार्गांवर आज ताशी ७० मैल किंवा त्याहून अधिक वेगाची मुभा आहे आणि दोन गिअरांच्या जुन्या इम्पालाला त्या प्रवाहात टिकून राहावे लागते.

आकडे काय सांगतात?

निवडीची सुरुवात कोणत्याही नावापासून न करता मागील ॲक्सलमधील डिफरन्शियलच्या गुणोत्तरापासून करावी. समजा, गाडीच्या ॲक्सलचे गुणोत्तर ३.३६ आहे आणि टायरचा व्यास २६ इंच, म्हणजे सुमारे ६६ सेंटिमीटर. ताशी ११३ किलोमीटर वेगाला वरच्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला जवळजवळ ३,०४० फेरे घेते. टॉर्क कन्व्हर्टरमधील घसरणीमुळे प्रत्यक्षात थोडे अधिकच. ॲक्सल ३.७३ चे असेल तर हाच आकडा ३,३७० च्या घरात जातो. तासभर असे चालवणे इंजिनाला झेपते. पण आवाज, उष्णता आणि पेट्रोल या तिन्ही गोष्टींची किंमत मोजावी लागते. त्याच गाडीत ०.७० गुणोत्तराचा ओव्हरड्राइव्ह आला की फेरे अनुक्रमे सुमारे २,१३० आणि २,३६० वर येतात. गाडी तीच, रस्ता तोच. पण आत बसलेल्यांना आवाज न चढवता बोलता येते.

दुसरा हिशेब जागेवरून उठण्याचा आहे आणि तो बहुतेक जण करीतच नाहीत. ‘टीएच-३५०’ चा पहिला गिअर २.५२ चा आहे, तर ‘७००-आर-४’ चा ३.०६ चा. पहिल्याला ३.७३ च्या ॲक्सलशी गुणले तर ९.४० येतात; दुसऱ्याला ३.०८ च्या सौम्य ॲक्सलशी गुणले तर ९.४२. म्हणजे सिग्नलवरून सुटताना दोन्ही गाड्या सारख्याच जोमाने उठतील. मात्र महामार्गावर दुसरीचे इंजिन ११३ किलोमीटर वेगाला दोन हजारांहूनही कमी फेरे घेत असेल. ॲक्सलचे दाते बदलण्याचा खर्च वाचवणारा हा हिशेब आहे. पण येथेही अतिरेक नको. ३.०८ च्या ॲक्सलसह हा गिअरबॉक्स ताशी ७२ किलोमीटरलाच चौथ्या गिअरमध्ये गेला, तर इंजिन जेमतेम १,२५० फेऱ्यांवर धापा टाकू लागते. शहरातील वापर अधिक असलेल्याने चौथा गिअर उशिरा पडेल अशी व्यवस्था करून घ्यावी किंवा शहरात दांडी तिसऱ्यावरच ठेवावी.

ज्याचा प्रवास मुख्यतः शहरातला आहे, ताशी ८० च्या पुढे काटा क्वचितच जातो, त्याने ओव्हरड्राइव्हच्या मागे लागण्याचे काही कारण नाही.

तीन गिअरांचे विश्वासू नोकर

पॉवरग्लाइड साधा, हलका आणि जवळजवळ न मोडणारा आहे. त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मागच्या बाजूलाही तेलाचा पंप असे. त्यामुळे बॅटरी बसली तर गाडी ढकलून सुरू करता येई, ही गोष्ट आज अनेकांना खरीही वाटणार नाही. परंतु १.७६ किंवा १.८२ चा पहिला गिअर आणि त्यानंतर थेट १.००, एवढ्या भांडवलावर आजच्या वाहतुकीत रोज वावरणे कष्टाचे आहे. शर्यतीच्या मैदानावर त्याला अजूनही मान आहे, पण तेथील कारणे वेगळी आहेत. त्यामुळे शर्यतवाल्यांच्या शिफारशीवर विसंबून रोजच्या गाडीत तो ठेवू नये.

त्याच्या जागी टीएच-३५० बसवणे हा सर्वांत कमी यातायातीचा बदल आहे. छोट्या मागील घरासह त्याची लांबी पॉवरग्लाइडइतकीच भरते, त्यामुळे प्रोपेलर शाफ्टला बहुधा हात लावावा लागत नाही. २.५२, १.५२ आणि १.०० ही गुणोत्तरे समतोल आहेत आणि तो उघडून बांधणारे मेस्त्री अमेरिकेत गावोगावी आहेत. टीएच-४०० त्याचा थोरला भाऊ. तो इतका दणकट निघाला की रोल्स-रॉइसने सिल्व्हर शॅडोसाठी, जग्वारने बारा सिलिंडरच्या गाड्यांसाठी आणि चक्क फेरारीनेही आपल्या ‘४००’ या मॉडेलसाठी तो विकत घेतला. मात्र त्याचे अवजड भाग फिरवण्यात इंजिनाची अधिक शक्ती खर्ची पडते. पाच-साडेपाच लिटरच्या साध्या इंजिनाला त्याची गरज नसते. सहा-सात लिटरच्या वर मात्र तोच बरा.

या गिअरबॉक्समध्ये इंजिनावरील भार ओळखण्याचे काम ‘व्हॅक्यूम मॉड्युलेटर’ नावाची छोटी डबी करते. तिच्यातील पडदा फाटला की इंजिन गिअरबॉक्समधील तेल ओढून जाळू लागते. गाडीखाली एक थेंबही नाही, तेलाची पातळी मात्र घटते आहे आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आहे, अशी तक्रार घेऊन गेलेल्या ग्राहकाला इंजिनाचे मोठे काम सांगितले गेले, तर त्याने आधी ही डबी तपासायला लावावी.

ओव्हरड्राइव्ह आणि एका केबलची कथा

शेवरलेटच्या मालकांपुढे ओव्हरड्राइव्हचे दोन मुख्य पर्याय आहेत. १९८२ पासूनचा ७००-आर-४ आणि १९८१ ते १९९० या काळातील ‘२००-४-आर’. पहिल्याची गुणोत्तरे ३.०६, १.६३, १.०० आणि ०.७०, दुसऱ्याची २.७४, १.५७, १.०० आणि ०.६७. पहिला जागेवरून जोरात उठतो, पण पहिल्या व दुसऱ्या गिअरमधील दरी मोठी आहे. इंजिनाचे फेरे तेथे जवळजवळ ४७ टक्क्यांनी कोसळतात. दुसऱ्यात हीच घसरण ४३ टक्के आहे, त्यामुळे त्याची चाल अधिक सलग वाटते.

लांबीचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. २००-४-आर ची एकूण लांबी टीएच-३५० इतकीच आहे आणि त्याचा आधार टीएच-४०० च्या आधाराच्या जवळपास येतो. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट तसाच राहतो, फक्त आडवा बीम मागे सरकवावा लागतो. ७००-आर-४ सुमारे तीन इंचांनी लांब आहे. तेथे बीम सरकवून शिवाय शाफ्ट कापून नव्याने समतोल करून घ्यावा लागतो. २००-४-आर चा आणखी एक गुण असा, की त्याच्या बहुतेक घरांवर शेवरलेट आणि ब्यूक-ओल्ड्समोबाइल-पॉन्टिॲक या दोन्ही कुळांच्या इंजिनांना जुळणारी बोल्टची छिद्रे असतात. ताकदीच्या बाबतीत त्याला नावे ठेवली जातात. पण ब्यूकच्या टर्बो इंजिनाच्या ‘ग्रँड नॅशनल’ मध्ये तोच होता, हे विसरले जाते. सौम्य इंजिनाच्या रोजच्या गाडीसाठी चांगला बांधलेला २००-४-आर मिळत असेल, तर प्रथम पसंती त्यालाच द्यावी. ७००-आर-४ अधिक सहज मिळतो, हे त्याचे खरे बलस्थान. तो घ्यायचा तर १९८७ नंतरचा घ्यावा. सुरुवातीच्या वर्षांत इनपुट शाफ्टवर २७ दाते होते व तो दुबळा होता. नंतर ते ३० झाले आणि १९८७ पर्यंत आतील इतर भागांतही सुधारणा झाल्या.

आता ती केबल. कार्बुरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी एक केबल टीएच-३५० मध्येही असते. तिचे काम मात्र पाय पूर्ण दाबला की खालचा गिअर पाडणे, एवढेच. ती तुटली तरी गाडी घरी येते. ७००-आर-४ आणि २००-४-आर मधील ‘टीव्ही केबल’ दिसायला तशीच असली, तरी तिचे काम पूर्णपणे वेगळे आहे. टीव्ही म्हणजे येथे थ्रॉटल व्हॉल्व्ह. चालकाने ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, हे ती गिअरबॉक्सला कळवते आणि त्यानुसार आतील तेलाचा दाब वाढतो. क्लचच्या चकत्या एकमेकींना घट्ट धरून ठेवणारा दाब तोच. केबल सैल राहिली तर इंजिन जोर लावते, दाब मात्र कमीच राहतो, चकत्या घसरतात आणि तापून जळतात. गाडी चालवताना काही वेळा फक्त एवढेच जाणवते की गिअर अगदी मऊ आणि लवकर पडत आहेत. मालकाला ते सुखदच वाटते आणि आत मात्र होळी पेटलेली असते.

अडचण अशी की केबल नुसती ताणून भागत नाही. ती ज्या दांड्याला जोडली जाते त्याची त्रिज्या आणि कोन जनरल मोटर्सच्या मूळ कार्बुरेटरप्रमाणेच हवेत. दुसऱ्या कंपनीचा कार्बुरेटर असेल तर भूमिती दुरुस्त करणारी पट्टी बाजारात मिळते. ती लावल्याशिवाय गाडी अंगणाबाहेरही काढू नये. पहिल्या चाचणीपूर्वी दाबमापक लावून थ्रॉटलबरोबर दाब वाढतो की नाही हे पाहणे, हा अर्ध्या तासाचा उद्योग आहे. जळालेले अनेक गिअरबॉक्स ‘कमकुवत’ म्हणून बदनाम होतात, ते या अर्ध्या तासाच्या आळसापायी.

लॉक-अपसाठी विजेची एक तारही लागते. ती ब्रेकच्या स्विचमधून न्यावी, म्हणजे ब्रेक दाबताच लॉक-अप सुटेल आणि इंजिन बंद पडणार नाही. ही तार न जोडता गाडी चौथ्या गिअरमध्ये पळवणारे महाभागही आहेत. त्यांच्या कन्व्हर्टरमधील घसरणीची उष्णता थेट तेलात उतरते. रेडिएटरच्या जोडीला स्वतंत्र तेलशीतक बसवणे एरवीही शहाणपणाचे आहे.

फोर्ड आणि क्रायस्लर

मस्टँगसारख्या फोर्डच्या छोट्या व्ही-८ गाड्यांतील सी-४ हलका व समाधानकारक गिअरबॉक्स आहे. त्याला ओव्हरड्राइव्हचा पर्याय म्हणजे १९८० ते १९९३ या काळातील ‘एओडी’. त्याची अंतर्रचना चमत्कारिक आहे. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या बलाचा सुमारे ६० टक्के हिस्सा आणि चौथ्यात संपूर्ण बल टॉर्क कन्व्हर्टरमधील तेलाला वगळून एका वेगळ्या शाफ्टमधून थेट जाते. त्यामुळे निराळ्या लॉक-अप क्लचची गरजच पडत नाही. थ्रॉटल व्हॉल्व्हचा काच येथेही आहेच. शिवाय फोर्डमध्ये एक छुपा सापळा आहे. जुन्या २८९ व ३०२ घन इंच इंजिनांचा बाह्य समतोल २८ औंसांचा, तर ऐंशीच्या दशकारंभानंतरच्या ३०२ चा ५० औंसांचा. एओडीबरोबर आलेली चकती तशीच जुन्या इंजिनाला लावली तर सारी गाडी थरथरू लागते आणि दोष उगाच गिअरबॉक्सच्या माथी येतो.

जुन्या फोर्डबाबत सुरक्षेचा एक मुद्दा नोंदवायला हवा. १९६६ ते १९८० या काळातील स्वयंचलित फोर्ड गाड्या ‘पार्क’ मधून आपोआप ‘रिव्हर्स’ मध्ये घसरत असल्याच्या तक्रारींवरून अमेरिकी वाहतूक खात्याने चौकशी केली. १९८० च्या अखेरीस झालेल्या तडजोडीनुसार कंपनीने दोन कोटींहून अधिक गाड्यांच्या मालकांना सूचनापट्ट्या पाठवल्या. यंत्रणा ज्या कोणत्या कंपनीची असो, दांडीची जोडणी झिजलेली असेल तर धोका तोच. गिअरबॉक्स बदलल्यावर दांडी आणि आतील खाच तंतोतंत जुळते का, इंजिन फक्त ‘पार्क’ व ‘न्यूट्रल’ मध्येच सुरू होते का, हे पाहावे. उतरताना हँडब्रेक ओढण्याची सवय तर लावूनच घ्यावी.

क्रायस्लरचे टॉर्कफ्लाइट ९०४ आणि ७२७ हे तीन गिअरांमधील सर्वोत्तम होत, असे म्हटले तर फार वाद होणार नाही. पण त्यांना सोयीचा ओव्हरड्राइव्ह वारस नाही. नव्वदच्या दशकातील ए-५१८ आतून ७२७ चाच वंशज असला तरी मागे इतका फुगीर आहे की जुन्या गाडीचा तळपत्रा कापावा लागतो. अशा मालकाने उत्तम अवस्थेतील टॉर्कफ्लाइट आणि जरा सौम्य ॲक्सल यांवर समाधान मानावे. त्याची तेलपातळी ‘न्यूट्रल’ मध्ये मोजायची असते, ‘पार्क’ मध्ये नव्हे. जनरल मोटर्सच्या सवयीने मोजणारे येथे हमखास फसतात.

१९९३ पासूनच्या ‘४-एल-६०-ई’ सारख्या इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्समध्ये टीव्ही केबलची कटकट नाही. पण त्यासाठी स्वतंत्र संगणक, थ्रॉटलवर संवेदक आणि जुन्या केबलच्या स्पीडोमीटरची वेगळी सोय हवी. फ्युएल इंजेक्शन बसवलेल्या गाडीला हे शोभते; कार्बुरेटरच्या गाडीत केबल नीट लावून घेणे स्वस्त पडते.

जुन्या बाजारातून गिअरबॉक्स उचलताना विक्रेत्याच्या शब्दापेक्षा तळाशी असलेल्या तेलपात्राच्या बोल्टांवर विश्वास ठेवावा. पॉवरग्लाइडला १४, टीएच-३५० ला १३, ७००-आर-४ ला १६. टीएच-४०० लाही १३ च बोल्ट असतात. पण त्याचे पात्र वेडेवाकडे, तर ३५० चे चौकोनी व एक कोपरा छाटलेले असते. ७००-आर-४ छोट्या सहा सिलिंडर इंजिनांसाठीही बनत असे आणि त्याची छिद्रे व्ही-८ ला जुळत नाहीत. १९८४ नंतरच्या कॉर्व्हेटमधून काढलेल्याला तर मागे आधाराची जागाच नसते. पात्र उघडू दिले तर उघडून पाहावे. तळाशी थोडा करडा गाळ स्वाभाविक आहे. धातूचे कण आणि जळका वास असेल तर पूर्ण बांधणीचा खर्च गृहीत धरूनच भाव करावा.

अमेरिकन गाड्यांचे हे वेड मुंबईला परके नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शेवरलेट जोडणीचा कारखाना काढला होता आणि वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ला येथे क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ बांधायला घेतल्या. त्या पिढीतील काही गाड्या आजही रॅलींमध्ये दिसतात. मात्र येथील मालकाने गिअरबॉक्सचा विचार करण्यापूर्वी २०२१ मध्ये अधिसूचित झालेले केंद्रीय नियम वाचावेत. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करून घेतली, तर ते रस्त्यावर नियमित किंवा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच मुभा आहे. शिवाय वाहन मूळ रूपात असावे आणि चेसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत, अशी अट आहे. गिअरबॉक्सचा तेथे नावानिशी उल्लेख नाही. तरीही तळपत्रा कापणे किंवा चेसिसवर वेल्डिंग करणे टाळावे, बोल्टने बसणारा आणि बोल्टने निघणारा पर्याय निवडावा आणि मूळ गिअरबॉक्स तेल भरून, तोंडे बंद करून, क्रमांकासह जपून ठेवावा.